आधी कशाला हात घालायचा? : अमेरिकी लोकमत आणि पक्षभेद

प्रस्तावना

नवं वर्ष सुरू झालं की अमेरिकेतलं ‘प्यू रिसर्च सेंटर’ हजारो प्रौढ नागरिकांपुढे कामांची एक यादी ठेवतं. अर्थव्यवस्था सावरणं, दहशतवादापासून बचाव, शाळा, दवाखान्याचा खर्च, पर्यावरण, स्थलांतर, अंदाजपत्रकातली तूट, गुन्हेगारी अशी ती यादी असते. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: राष्ट्राध्यक्षांनी आणि काँग्रेसनं यंदा हे काम सर्वांत आधी हाती घ्यावं, की महत्त्वाचं असूनही ते थोडं मागं राहिलं तर चालेल? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक खुबी आहे. पर्यावरण राखावं का, असं विचारलं तर ‘राखू नये’ म्हणणारा माणूस शोधूनही सापडत नाही. सरकारचा पैसा, वेळ आणि लक्ष आधी कुठं लागावं, असं विचारलं की माणसं वेगळी होऊ लागतात. हे पुस्तक त्या वेगळं होण्याबद्दल आहे.

जानेवारी २००९ मध्ये मोठ्या बँका कोसळून जेमतेम चार महिने झाले होते. तेव्हा ८५ टक्के अमेरिकनांनी अर्थव्यवस्था सर्वांत वर ठेवली. जागतिक तापमानवाढ यादीच्या तळाशी होती, ३० टक्क्यांवर. अकरा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, चित्र पालटलं होतं. अर्थव्यवस्था ६७ टक्के आणि पर्यावरण ६४ टक्के, म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरीला आले. नुसते हे दोन आकडे पाहिले तर अमेरिकेला पर्यावरणाची जाग आली असं कुणीही म्हणेल. पण ६४ हा आकडा उलगडला की आत दोन आकडे सापडतात: डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्यांत ८५ टक्के, रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्यांत ३९. हवामानबदलाबद्दल वेगळं विचारलं तेव्हा दरी आणखी रुंद होती: ७८ आणि २१. चौसष्ट टक्के हा आकडा खरा आहे. मात्र तो ज्याचं वर्णन करतो असा एकसंध देश कुठं अस्तित्वात नाही.

अमेरिकेबद्दल मराठीत लिहिताना आपण ‘अमेरिकेला असं वाटतं’ असं सहज लिहून जातो. हे पुस्तक लिहिण्याचं पहिलं कारण ही सवय आहे. दुसरं कारण अधिक खोलातलं आहे. देशानं आधी काय करावं याविषयीची माणसांची मतं कुठून येतात? ती त्यांच्या जगण्यातून, पगारातून, शेजारातून वर येतात, की आपल्या मानलेल्या पक्षाकडून खाली झिरपतात? शंभर वर्षं या प्रश्नावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक माणसं अग्रक्रम पक्षाकडून घेतात, आणि म्हणून आजच्या दुफळीची मोठी जबाबदारी मतदारावर नसून नेत्यांवर आहे. हे उत्तर सगळ्यांना पटणारं नाही, आणि त्याला ठळक अपवादही आहेत. ते पुढे येतीलच.

वादाची सुरुवात पत्रकार वॉल्टर लिपमनपासून धरण्याची रीत आहे आणि ती योग्य आहे. पहिल्या महायुद्धात लिपमननं सैन्यासाठी प्रचाराचं काम केलं होतं. माणसांच्या मनातलं जगाचं चित्र किती सहज रंगवता येतं हे त्यानं जवळून पाहिलं होतं. १९२२ साली त्यानं ‘पब्लिक ओपिनियन’ लिहिलं. जग इतकं मोठं आणि गुंतागुंतीचं आहे की सामान्य नागरिकाला त्याचा थेट अनुभव येऊच शकत नाही. तो आपल्या डोक्यातल्या चित्राला प्रतिसाद देतो, असं त्याचं म्हणणं होतं. निर्णय जाणकारांच्या हाती असावेत या निष्कर्षाकडे तो त्यातून वळला. तत्त्वज्ञ जॉन ड्यूईनं १९२७ मध्ये ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’मधून त्याला उत्तर दिलं. लोक अडाणी नसतात, त्यांना एकत्र बसून बोलण्याच्या जागा उरलेल्या नसतात, असं ड्यूईला वाटत होतं. पुढच्या सगळ्या संशोधनात हे दोघे आलटून पालटून डोकावतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ड्यूईचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे सहजीवनाची एक रीत, हा ड्यूईचा विचार बाबासाहेबांच्या लेखनातून आपल्यापर्यंत पोचलेला आहे, त्यामुळे या वादातली एक बाजू मराठी वाचकाला परकी वाटू नये.

लिपमन आणि ड्यूई यांच्याकडे मोजमाप नव्हतं. ते आलं १९३६ साली. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं तब्बल एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन सहज जिंकणार असं त्यानं जाहीर केलं. जॉर्ज गॅलपनं त्या मानानं अगदी थोड्या माणसांना विचारून फ्रँकलिन रूझवेल्ट जिंकतील असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. ‘डायजेस्ट’नं पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून, म्हणजे महामंदीतही ज्यांचं बरं चाललं होतं अशांचे. शिवाय ज्यांना रूझवेल्टचा राग होता त्यांनी उत्साहानं उत्तरं पाठवली. किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारलं हे महत्त्वाचं, हा धडा तेव्हा मिळाला. १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या पराभवाचं भाकीत करून गॅलपही तोंडघशी पडला. त्यानंतर ठरावीक कोटा भरण्याची पद्धत मागं पडली आणि यादृच्छिक नमुन्याचं युग सुरू झालं.

मोजमापाबरोबर सिद्धान्त आले. कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत त्याच त्या माणसांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. प्रचारानं मतं बदलतात हे दाखवायला ते गेले होते. त्यांना दिसलं ते उलट. माणूस कुठं राहतो, कोणत्या चर्चमध्ये जातो, त्याची ऐपत काय, यावरून त्याचं मत बरंचसं आधीच ठरलेलं होतं. मिशिगन विद्यापीठाच्या अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६० मध्ये ‘द अमेरिकन व्होटर’ लिहून पक्षनिष्ठेला केंद्रस्थानी आणलं. त्यांच्या मते पक्ष हा बहुतेकांना घरातून मिळतो, धर्मासारखा, आणि मग त्याच्या चष्म्यातून बाकीचं दिसतं. चार वर्षांनी कॉन्व्हर्सनं एक निबंध लिहिला, ज्यानं या क्षेत्राची झोप उडवली. तीच माणसं, तेच प्रश्न, दोन-दोन वर्षांच्या अंतरानं विचारले असता अनेकांची उत्तरं जणू नाणं उडवून दिल्यासारखी बदलत होती. ज्याला आपण मत म्हणतो ते पुष्कळदा प्रश्न विचारल्यामुळे त्या क्षणी तयार झालेलं उत्तर होतं.

यावर प्रतिवाद झाला नसता तरच नवल. व्ही. ओ. की या अभ्यासकानं आपल्या शेवटच्या पुस्तकात मतदार मूर्ख नाहीत असं ठासून मांडलं. बेंजामिन पेज आणि रॉबर्ट शापिरो यांनी १९९२ मध्ये पन्नास वर्षांच्या हजारो प्रश्नांची उत्तरं तपासली. एकेकटा माणूस डळमळीत असला तरी समाजाची सरासरी स्थिर असते आणि घटनांना समंजस प्रतिसाद देते, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी जॉन झॅलरचं ‘द नेचर अँड ओरिजिन्स ऑफ मास ओपिनियन’ आलं. झॅलरची मांडणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. माणसाच्या मनात एका प्रश्नाबद्दल अनेक, पुष्कळदा परस्परविरोधी विचार असतात. विचारल्या क्षणी जो वर असेल तो उत्तरात उतरतो. आणि कोणता वर असेल हे नेतेमंडळी आणि बातम्या काय बोलत आहेत यावर अवलंबून असतं. नेत्यांचं एकमत असेल तर राजकारणाकडे लक्ष देणारे सगळेच त्या दिशेनं सरकतात. नेते फुटले की सर्वांत जास्त वाचणारे, ऐकणारे लोक सर्वांत जास्त फुटतात. शिक्षण आणि माहिती वाढली की समेट होतो अशी आपली भाबडी समजूत असते. झॅलर तिला तडा देतो.

अग्रक्रमांपुरतं पाहिलं तर मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांचं एक छोटं काम निर्णायक ठरलं. १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल गावात त्यांनी १०० अनिश्चित मतदारांना विचारलं, देशापुढचे मोठे प्रश्न कोणते? उत्तरांचा क्रम आणि तिथं वाचल्या-पाहिल्या जाणाऱ्या बातम्यांमधला भर यांचा विलक्षण मेळ बसला. काय विचार करायचा हे माध्यमं सांगू शकत नसतील, पण कशाचा विचार करायचा हे ती ठरवतात, हा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. त्या काळी शहरात दोन-तीन वर्तमानपत्रं आणि तीन टीव्ही वाहिन्या असत. सगळ्यांच्या पुढ्यात जवळपास एकच यादी येत असे. १९८७ मध्ये दोन्ही बाजू दाखवण्याचं बंधन घालणारा प्रसारणाचा नियम रद्द झाला, पुढच्या वर्षी सनातनी विचारांच्या रश लिंबॉचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला, आणि १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी दोन्ही सुरू झाल्या. आता याद्या दोन झाल्या.

परराष्ट्र धोरणाचा धागा थोडा वेगळा आहे. गॅब्रिएल आल्मंडनं १९५० मध्ये लिहिलं की जगाच्या प्रश्नांवर सामान्य अमेरिकनाला मत नसून मनःस्थिती असते. सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग रिपब्लिकन होते, तरी त्यांनी ट्रुमन यांच्या मार्शल योजनेला आणि नाटोला साथ दिली. पक्षीय भांडण किनाऱ्यापाशी थांबावं हा संकेत त्या पिढीनं बऱ्यापैकी पाळला. व्हिएतनामनं तो मोडला. जॉन म्युलरनं कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांचे आकडे मांडून दाखवलं की मृतांची संख्या वाढत जाते तसा पाठिंबा एका ठरावीक रीतीनं घसरतो. म्हणजे लोक लहरी नव्हते, किंमत मोजत होते. १९७४ पासून शिकागो कौन्सिल परराष्ट्र धोरणावर सर्वेक्षणं करत आली आहे. सुरुवातीच्या काळात जनता आणि धोरणकर्ते यांच्यातलं अंतर ही मोठी गोष्ट होती. आता जनतेच्या दोन भागांतलं अंतर अधिक बोलकं आहे.

हे अंतर नेहमीच नव्हतं, आणि हे विसरलं की पुढचं काहीच नीट समजत नाही. १९५० मध्ये अमेरिकेच्या राज्यशास्त्र परिषदेनं एक अहवाल काढून तक्रार केली होती की दोन्ही पक्ष इतके सारखे आहेत की मतदाराला निवड करताच येत नाही. १९७० चा स्वच्छ हवा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला आणि रिचर्ड निक्सन या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली. १९९७ मध्ये क्योटो हवामान कराराच्या आधी सिनेटनं ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधनं नसलेला करार अमेरिकेनं स्वीकारू नये. त्या ठरावाची दिशा मला चुकीची वाटते, पण पक्षांची फूट त्यात नव्हती. २००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन हे कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाचे सहलेखक होते. स्थलांतराचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९९४ मध्ये ‘स्थलांतरित आपल्या मेहनतीनं आणि गुणांनी देश बळकट करतात’ या विधानाशी ३२ टक्के डेमोक्रॅट आणि ३० टक्के रिपब्लिकन सहमत होते. २०१७ मध्ये हेच आकडे ८४ आणि ४२ होते. दोन टक्क्यांचं अंतर एका पिढीत बेचाळीस टक्क्यांवर गेलं.

का गेलं, यावर कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्यानंतर दक्षिणेतले गोरे सनातनी मतदार डेमोक्रॅटिक पक्षातून हळूहळू, सुमारे तीस वर्षांत, रिपब्लिकन पक्षाकडे गेले, हे मूळ कारण मानायला बहुतेकांची हरकत नाही. उमेदवार निवडण्याची सत्ता पक्षाच्या पुढाऱ्यांकडून प्राथमिक निवडणुकांकडे गेली आणि तिथं कट्टर कार्यकर्ते अधिक संख्येनं येतात. पण लोक खरोखर टोकाला गेले का? मॉरिस फिओरिना म्हणतो, नाही. टोकाला गेले ते नेते, लोकांची फक्त वर्गवारी झाली, उदारमतवादी एका पेटीत आणि सनातनी दुसऱ्या. ॲलन अब्रामोविट्झ म्हणतो, मधली जमीनच नाहीशी होते आहे आणि राजकारणात रस घेणारे जितके अधिक, तितकी ती लवकर नाहीशी होते. दोघेही तेच आकडे वापरतात.

शंतो अय्यंगार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वादाला वेगळी कलाटणी दिली. मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का, हा प्रश्न १९६० च्या सुमारास विचारला गेला होता. तेव्हा ५ टक्के रिपब्लिकनांना आणि ४ टक्के डेमोक्रॅटांना वाटलं असतं. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा आकडे ४९ आणि ३३ होते. सोयरीक जुळवताना आपल्याकडे काय काय पाहिलं जातं हे जाणणाऱ्या वाचकाला या आकड्यांचं वजन वेगळं सांगायला नको. पक्ष हा धोरणांबद्दलचा कल राहिला नाही, तो गोतावळा झाला. लिलियाना मेसननं पुढे दाखवलं की धर्म, वंश, राहण्याचं ठिकाण आणि पक्ष या ओळखी एकमेकींवर बसत गेल्या, म्हणून धोरणांवर फारसा मतभेद नसतानाही राग वाढत गेला. आणि हा राग बऱ्याच अंशी काल्पनिक माणसावरचा आहे. डग्लस अॅहलर आणि गौरव सूद यांनी लोकांना विचारलं की रिपब्लिकनांत वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक कमावणारे किती. सरासरी अंदाज ३८ टक्के होता. प्रत्यक्षात २ टक्के. डेमोक्रॅटांत समलिंगी, द्विलिंगी आणि तत्सम किती, यावरचा अंदाज ३२ टक्के. प्रत्यक्षात ६ च्या आसपास.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. पक्ष माणसाच्या मूल्यांवरच नव्हे तर त्याच्या डोळ्यांवरही ताबा मिळवतो याचे पुरावे भक्कम आहेत. रोनाल्ड रेगन यांच्या आठ वर्षांत महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांवरून सुमारे चार टक्क्यांवर आला. तरीही १९८८ मध्ये कट्टर डेमोक्रॅटांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितलं की महागाई वाढली. हे लॅरी बार्टेल्सनं दाखवलं. बिल क्लिंटन यांच्या काळात तूट घटली तेव्हा अनेक रिपब्लिकनांना ती वाढलेली दिसली. १९९५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं एक प्रयोग केला. अस्तित्वातच नसलेला एक कायदा रद्द करावा का, असं विचारलं. निम्म्यांना सांगितलं की हे क्लिंटन यांना हवं आहे, निम्म्यांना सांगितलं की काँग्रेसमधल्या रिपब्लिकनांना हवं आहे. कुणाचं नाव ऐकलं त्यानुसार लोकांनी बाजू घेतली, नसलेल्या कायद्याबद्दल. युक्रेनचा अनुभव ताजा आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिका युक्रेनला जरुरीपेक्षा जास्त मदत करते असं म्हणणारे रिपब्लिकन ९ टक्के होते. डिसेंबर २०२३ मध्ये ते ४८ टक्के झाले, डेमोक्रॅट मात्र १६ टक्क्यांवरच होते. युद्ध दोघांनाही तेच दिसत होतं. बदललं होतं ते एका पक्षाच्या नेत्यांचं बोलणं.

पण हे म्हणणं ताणू नये, कारण लोक पाटीसारखे कोरे नसतात. २०२० मध्ये फ्लोरिडानं डोनाल्ड ट्रम्प यांना निवडलं आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, किमान वेतन तासाला १५ डॉलरपर्यंत नेण्याची दुरुस्ती सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर केली. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्सस या पक्क्या रिपब्लिकन राज्यात गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. या प्रश्नांपुढे उमेदवाराचं नाव नव्हतं, पक्षाचं चिन्ह नव्हतं. प्रश्न आयुष्याला भिडणारा असला आणि त्याच्यावर पक्षाची मोहोर नसली, की तोच मतदार वेगळं उत्तर देतो. दूरच्या प्रश्नांवर, म्हणजे हवामान, परदेशी मदत, व्यापार करार, युद्धं यांवर, असा स्वतःचा आधार नसतो. म्हणून राष्ट्रीय प्रश्नांपेक्षा जागतिक प्रश्नांवर नेत्यांचा शब्द अधिक चालतो. हा फरक या पुस्तकाचा कणा आहे.

परदेशी मदतीचंच पाहा. अमेरिकन माणसाला विचारलं की केंद्रीय अंदाजपत्रकातला किती भाग परदेशी मदतीवर जातो, तर सरासरी उत्तर पंचवीस टक्क्यांच्या घरात येतं, आणि असं दशकानुदशकं येत आलं आहे. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या आसपास असतो. किती असावा असं विचारलं तर लोक सांगतात दहा टक्के, म्हणजे प्रत्यक्षाच्या कितीतरी पट. जी मदत लोकांना कमी करायची होती ती त्यांच्या कल्पनेतली होती; २०२५ मध्ये परदेशी मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्था मोडली गेली तेव्हा थांबली ती खरी.

सर्वेक्षणांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. फोनवर उत्तर देणारे प्यूच्या अनुभवात १९९७ मध्ये ३६ टक्के होते, २०१८ मध्ये ६ टक्के उरले. २०१६ मध्ये अनेक राज्यांच्या चाचण्यांनी कमी शिकलेल्या मतदारांना योग्य वजन दिलं नाही. २०२० मध्ये चूक आणखी मोठी होती. पत्त्यांवरून निवडलेल्या कायमच्या गटांना इंटरनेटवर विचारण्याची पद्धत आता रुळते आहे. तरी निवडणुकीच्या भाकितासारखं अग्रक्रमांच्या सर्वेक्षणात दोन-तीन टक्क्यांच्या चुकीनं बिघडत नाही; ७८ आणि २१ यांमधलं अंतर चुकीच्या मर्यादेनं पुसलं जात नाही. खरी काळजी शब्दांची आहे. ‘वेल्फेअर’वर सरकार फार खर्च करतं म्हणणारे लोक ‘गरिबांना मदत’ असं म्हटलं की कमी खर्च होतो म्हणतात. पियर बुर्द्यूनं सत्तरच्या दशकात याहून मूलगामी आक्षेप घेतला होता: प्रत्येकाला प्रत्येक प्रश्नावर मत असतं, सगळी मतं सारख्या वजनाची असतात, आणि हेच प्रश्न विचारण्याजोगे आहेत यावर एकमत असतं, ही तिन्ही गृहीतकंच खोटी आहेत. त्याचा तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. यादी कोण करतं? जे यादीत नाही ते कुणाच्याच अग्रक्रमात येत नाही.

मराठी वाचकानं हे सगळं का वाचावं? साठच्या दशकात रेशनच्या दुकानातला अमेरिकी गहू आणि तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. ते धान्य पीएल-४८० या कायद्याखाली येत होतं, आणि दुष्काळाच्या ऐन काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजांना थोड्या थोड्या मुदतीचीच मंजुरी देत होते, कारण व्हिएतनामवरची भारताची टीका त्यांना खुपत होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याला दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिला, म्हणून आपले डॉक्टर आणि इंजिनिअर न्यू जर्सी-शिकागोला स्थायिक होऊ शकले. त्याच देशात ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं गेलं आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिने घडवणाऱ्या कारखान्यांपासून कापडगिरण्यांपर्यंत सगळ्यांना त्याची झळ लागली. पुढच्याच महिन्यात नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं, आणि पुण्यातल्या कितीतरी घरांतले बेत मोडले. एच-वन-बीच्या मंजुऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीय असतात. पॅरिस हवामान करारातून अमेरिका बाहेर पडली, परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. ही ये-जा एका देशाच्या बदलत्या मनाची नाही. दोन याद्या आळीपाळीनं सत्तेवर येतात, त्याची आहे. मराठवाड्यातल्या पावसाचा त्या याद्यांशी संबंध आहे, आणि त्या याद्या ठरवताना मराठवाड्याला कुणी विचारत नाही.

आपल्याकडची मतं मोजण्याचं काम दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठानं १९६० च्या दशकापासून केलं आहे, आणि त्यांच्या लोकनीती उपक्रमाची सर्वेक्षणं मराठी अभ्यासक वापरतात. अमेरिकेचे सिद्धान्त उचलून ते आपल्यावर बसवण्याचा मोह या पुस्तकानं टाळला आहे. तिथं दोन पक्ष आणि दीडशेहून अधिक वर्षांची त्यांची नावं. इथं पक्ष फुटतात, जुळतात, चिन्हं बदलतात, आणि मत पुष्कळदा जातीतून आणि गावातून घडतं. तुलना करायची तर स्वतंत्र पुस्तक लागेल. ते एखाद्या मराठी अभ्यासकानं लवकर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

या पुस्तकाचा आवाका ठरवून मर्यादित ठेवला आहे. निवडणुकीत कोण जिंकेल याची भाकितं यात नाहीत. काही मोजके प्रश्न निवडून, प्रत्येकाबद्दल लोकांचं म्हणणं साठ-सत्तर वर्षांत कसं बदललं, नेते आधी बोलले की लोक आधी हलले, हे तारखा समोर ठेवून तपासलं आहे. जिथं लोक आधी हलले, तिथं माझ्या मताविरुद्धचा तो पुरावा लपवलेला नाही. आकड्यांचं गणित कमीत कमी आहे. ज्यानं राज्यशास्त्राचं एकही पुस्तक उघडलेलं नाही त्यालाही वाचता यावं असा प्रयत्न आहे, आणि जिथं सिद्धान्त आले आहेत तिथं ते कुणी, कशाच्या उत्तरादाखल मांडले हे सांगितलं आहे.

परिशिष्टात सर्वेक्षणांमधले प्रश्न पर्यायांसह, शक्य तितके शब्दशः मराठीत दिले आहेत. वाचकाला एक विनंती आहे. प्रकरणांकडे वळण्याआधी ते प्रश्न वाचावेत, प्रत्येकापुढे पेन्सिलीनं आपलं उत्तर लिहावं, आणि मगच अमेरिकनांनी काय सांगितलं ते पाहावं.